पाय तुपानं गेला नाही

९ ऑगस्ट २०२५

कपिल,

चिरंजीव लिहिणार होती, पण हात वळला नाही. फोन केला की तू "वहिनी, मीटिंगमध्ये आहे" म्हणतो अन् मधातच ठेवून देतो. म्हणून कागदावर लिहून राह्यली. तुझ्या पुण्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवते, सही करूनच घ्यावं लागन. मिळालं नाही म्हणायची सोय नाही.

तुझ्या मशीनची खबर अशी. तू दोन दिवस राहून गेला, तेव्हापासून ते तुझ्या दादाच्या खाटेखाली घुरघुर करून राह्यलं. पंप जखमेतलं पाणी ओढते, नळीतून डब्ब्यात टाकते, हे खरं. जखमेत स्पंज, वरून तुझं ते चिकट प्लास्टिक, हेही जागेवर आहे. निकिता रोज डब्बा रिकामा करते. बापाचं करायचं म्हणून यवतमाळचं कॉलेज सोडून पोट्टी घरी बसली आहे, हे तुले कोणी सांगतलं नसन, म्हणून मी सांगते.

जखम भरून राह्यली असं निकिता म्हणते. मी पाहत नाही. कपाशीत तण काढायले बैलांचा डवरा चालू होता, बैल बिचकला अन् डवऱ्याची लोखंडी पास पावलात घुसली, तेव्हा मी पाह्यली होती, तेवढी बस झाली. यवतमाळच्या डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगतलं होतं, यांची शुगर पाहता मांस भरलं तर पाय राहील, नाही तर गुडघ्याखालून काढावा लागेल. तेव्हा तू छाती पुढे करून म्हणाला, "डॉक्टर, माझं मशीन लावू द्या." डॉक्टर म्हणाले, लावा, पण मशीनपाशी कोणी जाणता माणूस पाहिजे. तू म्हणाला, मी आहे ना. आता तू कुठं आहे, ते तूच सांग.

हे मात्र खुशीत आहेत. जो भेटायले येते त्याले पांघरूण वर करून दाखवतात. "माह्या भावानं बनवलं. हा पोट्टा असताना फवारणीचा पंप उलटा करून डबक्यातलं पाणी ओढे." ही गोठ मी लग्न होऊन आली तेव्हापासून ऐकून राह्यली. त्या पंपाचा वॉशर तू फाडला होता अन् ऐन फवारणीत दुसरा आणायले हेच सायकलवर कळंबले गेले होते, हे ते सांगत नाहीत.

एक त्रास आहे. घामानं प्लास्टिकची कड उचलते, हवा शिरते अन् मशीन बोंबलते. दिवसातून कितीदा तरी. निकिता अंगठ्यानं कड दाबत बसते. तू येऊन पाह्य. चार दिवस राह्य. तुझ्या भावाचा पाय आहे, माझ्या भावाचा नाही.

विजयमाला


१७ ऑगस्ट

कपिल,

पत्र मिळालं तर. पण उत्तर मले नाही, निकिताच्या फोनवर. वहिनीशी बोलायची हिंमत होत नाही वाटते.

तू म्हणाला, "मी इथूनच मशीनचा आवाज बंद केला. आता दादाले झोप लागंल." पुण्यात बसून आमच्या खाटेखालच्या मशीनचं तोंड बंद करता येते, हे भल्लंच. निकितानं विचारलं, "काका, मंग हवा शिरली तर आम्हाले कळंल कसं?" त्यावर तू म्हणाला, "मले फोनवर सगळं दिसते. ओढ कमी झाली की रेषा खाली येते. मी पाहत राहीन, तुम्ही चिंता करू नका."

हे मी मुद्दाम लिहून ठेवून राह्यली. तुझे शब्द आहेत, माझे नाहीत.

यांले तर आनंदच झाला. "पाह्य, तिकडून लक्ष ठेवून आहे तो." मी म्हटलं, लक्ष ठेवाचं तर इथं येऊन ठेवा. तर मलेच म्हणाले, तू त्याच्यावर पहिल्यापासून खार खाऊन आहे. असन. तुमचे बाप गेले तेव्हा तू परीक्षा आहे म्हणून थेट तेराव्याले आला, ते मी विसरली नाही अन् विसरणार नाही.

अन् ते बंगलोरचं काय आहे? निकिता म्हणे, तिकडं तुझ्या मशीनची स्पर्धा आहे, मोठमोठे डॉक्टर पाहायले येणार आहेत. ऐन पोळ्यातच, आदल्या दिवसापासून. तू पोळ्याले येणार होता, दादाले शब्द दिला होता. मी काही बोलत नाही. बोलली की खार दिसते.

विजयमाला


२९ ऑगस्ट

कपिल,

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहून राह्यली. यांले ताप आहे. पाय घोट्याच्या वरपर्यंत काळा पडला. जखमेचा वास खोलीच्या बाहेर येऊन राह्यला.

तू डॉक्टरांले फोन करून काय सांगतलं, ते डॉक्टरांनी मले सांगतलं. "घरच्यांनी तूप-हळद लावली, म्हणून प्लास्टिक निघालं." बाकी एक शब्द नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवरही तेच टाकलं. आता आत्याबाईपासून सगळे मले विचारून राह्यले, काय ओ, एवढी शिकलेली पोट्टी घरात अन् जखमेवर तूप?

मंग ऐक, काय झालं ते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, हे तुले सांगावं लागंल का? का पुण्यात तेही विसरला? वर्षभर जू ओढून ज्या खांद्यांले घट्टे पडले, त्यांले पळसाच्या पानानं कोमट तूप अन् हळद लावाची अन् उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. तुझे बाप करत, तुझे दादा करतात. यंदा हे उठू शकत नव्हते. म्हणाले, बैल इथं आणा. मी म्हटलं, ज्या बैलानं पाय फाडला त्याचेच खांदे शेकता? म्हणाले, "तो बिचकला. त्याची काय चूक." मंग दोन्ही बैल ओसरीपाशी आणले. यांनी खाटेवर बसूनच शेकले. वाटी कोणी दिली, तूप कोणी कोमट केलं, याले काही अर्थ नाही.

हात तुपाचे. प्लास्टिकच्या कडेले खाज सुटे, तिथं त्याच हातानं खाजवलं. वरून थोडं तूप-हळद कडेले चोळलं, बैलाले आराम पडते तर मलेही पडंल म्हणून. जखमेवर नाही. कडेले. कड सुटली. हवा शिरली.

तोपर्यंत कितीदा तरी कड सुटली होती, कपिल. दर वेळी मशीन बोंबललं अन् निकितानं अंगठा लावला. या वेळी मशीन बोंबललं नाही. खाली घुरघुर चालूच होती, आम्हाले वाटलं ओढून राह्यलं. ते नुसती हवा ओढत होतं. स्पंज आतल्या आत सडला. पोळा झाला, दुसऱ्या दिवशी पोट्ट्यांचा तान्हा पोळा झाला, अन् मंग वास आला तेव्हा आम्हाले कळलं.

तुले मात्र दिसत होतं. तूच म्हणाला होता, मले सगळं दिसते. तर मंग तू काय पाहत होता?

याचं उत्तर दे. ग्रुपवर नाही, मले दे.

विजयमाला


१६ सप्टेंबर

कपिल,

पाय गेला. गुडघ्याच्या खालून. तू आला नाही. निकिताले मेसेज आला, "दादाले धीर द्या." धीर आमच्या घरी कमी नव्हता, पाय होता तो कमी झाला.

काल तुझा माणूस गाडी घेऊन दारात आला. चांगला पोट्टा होता, काकू काकू करत होता. म्हणे, सरांनी मशीन परत मागवलं, हे एकच नीट चालणारं आहे, पुढच्या महिन्यात मोठी तपासणी आहे. मी त्याले जेवू घातलं अन् रिकामं पाठवलं. मशीन मी कापसाच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. तुले पाहिजे तर तू ये. पोलिसात जायचं तर जा. ठाणेदार विचारतील ना की हे कोणाच्या पायाले लावलं होतं, मंग मीही सांगीन.

तू निकिताले तुझ्या फोनवरचं चित्र पाठवलं. "बघ, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी रेषा पडली, म्हणजे तुपामुळेच." तुले वाटलं आमचं तोंड बंद झालं. पोट्टीनं ते चित्र मले दाखवलं अन् म्हणाली, "आई, रेषा पडली ते काकाले दिसलं होतं." मले इंजिनिअरिंग येत नाही, पण एवढं समजते. रेषा पडली अन् तीन दिवस पडूनच राह्यली. तू स्पर्धेत होता. तुले नंबर मिळाला, तेही निकितानं दाखवलं. गळ्यात पट्टा, हातात काचेचं काहीतरी. शोभून दिसतो.

पण हे पत्र त्यासाठी नाही. यांच्यासाठी आहे. हे बोलत नाहीत. हात पांघरुणाखाली ठेवतात. परवा जेवताना घास घेतला अन् तसाच खाली ठेवला. मी विचारलं काय झालं. म्हणाले, "या हातानं माह्या भावाचं काम बिघडवलं. त्यानं एवढं डोकं लावलं, अन् मी अडाण्यासारखं तूप चोळलं." पाय गेल्याचं दुःख नाही, तुझं काम बिघडलं याचं दुःख.

मी सांगतलं त्यांले. सगळं सांगतलं, आवाज तुम्ही नाही, त्यानं बंद केला. माझ्याकडे पाहून म्हणाले, "विजू, आता तरी त्याले सोड."

माझ्यावर विश्वास नाही बसत त्यांचा. इतकी वर्षं तुले बोलत आली, त्याचा हा परिणाम. खरं बोलायची वेळ आली तेव्हा माझं खरं कोणी घेत नाही.

विजयमाला


१२ ऑक्टोबर

कपिल,

हे पत्र लिहायची मले लाज वाटून राह्यली. पण लिहावं लागते.

पायाचं टोक भरून येत नाही. टाके उकलले, आत पोकळी झाली. डॉक्टर म्हणाले, अशीच राह्यली तर गुडघ्याच्या वरून कापावं लागंल. गुडघा राह्यला तर नकली पाय लावून हे वावरात उभे राहू शकतात. गुडघा गेला तर या वयात, या शुगरमध्ये खाटच. दसऱ्याले सोनं द्यायले लोक आले तर भिंतीकडे तोंड करून पडले होते. सोयाबीन निघालं, कापूस फुटला, यांनी विचारलंही नाही.

डॉक्टरांनीच विचारलं, ते मशीन आहे ना तुमच्याकडे? पहिले पंधरा दिवस जखम चांगली भरली होती, मी पाह्यलं आहे. नीट लावलं अन् आवाज चालू ठेवला तर गुडघा वाचू शकते. हे डॉक्टर म्हणाले. मी नाही म्हणाली. माझ्या तोंडून तुझ्या मशीनची तारीफ निघणार नाही.

मी खोलीचं कुलूप काढलं. मशीन पुसलं. यांच्यापुढं ठेवलं. हे म्हणाले, नाही.

"ते मले नको लावू. माह्या हातानं एकदा वाटोळं झालं. पुन्हा झालं तर लोक म्हणतील मशीनच खराब आहे. कपिलची तपासणी आहे. त्याले परत पाठव." निकिता रडली. मी भांडली. डॉक्टरांनी समजावलं. नाही म्हणजे नाही. तुझं नाव राहावं म्हणून हा माणूस गुडघा द्यायले निघाला आहे.

आता नीट वाच. त्यांले माझं पटत नाही, पोट्टीचं पटत नाही, डॉक्टरचं पटत नाही. एकाचंच पटंल. तू ये अन् खाटेपाशी बसून सांग की आवाज मी बंद केला, रेषा पडलेली मले दिसली अन् मी पाह्यलं नाही. एवढंच सांग. रडू नको, पाया पडू नको, ते नाटक मले चालणार नाही. अन् मंग मशीन लाव, अन् जखम भरेस्तोवर हलू नको.

तपासणीच्या तारखेचं मले सांगू नको. मशीन तपासाचं तर इथं तपास.

विजयमाला


१८ ऑक्टोबर

कपिल,

तुझा मेसेज निकितानं वाचून दाखवला. "वहिनी, मी येतो, मशीन लावतो, पण जुनं उकरून काय फायदा. दादाले उगाच त्रास होईल."

त्रास कोणाले होईल ते मले कळते.

तू नुसता येऊन मशीन लावतो म्हणशील तर ते लावू देणार नाहीत. मी सांगतलं ते तुले समजलं नाही का? जुनं उकरल्याशिवाय इथं नवं काही होत नाही. डॉक्टर दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाले. त्यानंतर वरून कापतील.

मी कधी तुझ्यापुढं हात जोडले नाहीत. आताही जोडत नाही. ये.

विजयमाला


२० जानेवारी २०२६

कपिल,

टोक भरलं. परवा डॉक्टरांनी नकली पायाचं माप घेतलं. गुडघा राह्यला. हे तुले कळावं म्हणून लिहिते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

तू दिवाळीच्या पाडव्याले आला तेव्हा मी चुलीपाशी होती. मुद्दाम बाहेर आली नाही. पण ऐकू सगळं आलं. तू पहिले इकडचं तिकडचं बोलला, कापसाले काय भाव, थंडी लवकर पडली. मले वाटलं, हा काही सांगत नाही, काखा वर करून जाईल. मंग तू म्हणाला, "दादा, आवाज मी बंद केलता. तुमची झोप मोडते म्हणून नाही. सारखं बोंबलणारं मशीन स्पर्धेत कोण घेईल म्हणून. रेषा पडली तेव्हा मी स्टेजच्या मागं उभा होतो. मले दिसली. नेटवर्क गेलं असन म्हणून फोन खिशात टाकला. मंग जेव्हा जेव्हा दिसली, तेव्हा पाहाची भीती वाटली." अन् पुढं म्हणाला, "तुपाचं मी मुद्दाम सांगतलं."

मले वाटलं होतं तू अर्धं सांगशील. पूर्ण सांगतलं, हे मी कबूल करते. यापेक्षा जास्त काही कबूल करत नाही.

यांनी पांघरुणाखालून हात बाहेर काढले अन् पाहत बसले. मंग म्हणाले, "लाव मशीन." बस.

त्यानंतर तू इथंच राह्यला. खाटेखाली अंथरूण टाकून झोपला, आवाज चालू ठेवला, प्लास्टिक बदललं, डब्बा उपसला. मशीन बोंबललं की माझ्या आधी उठे. मी तुले वेळेवर भाकरी दिली, पण बोलली नाही, ते तुले दिसलंच असन. तपासणीची तारीख निघून गेली, तेही निकितानं सांगतलं. तू तोंडातून काढलं नाही, ते बरं केलं. काढलं असतं तर मी ऐकवलं असतं.

पण तुले न दिसलेलं एक आहे, ते सांगते. तू होता तोवर तुले वाटलं असन, दादा दुखण्यानं गप्प आहेत. दुखण्यानं नाही. तू जाऊन इतके दिवस झाले, यांनी तुझं नाव काढलं नाही. जेवतात, हसतात, निकिताले कॉलेजले परत पाठवलं, कापसाच्या गाडीसोबत कोण जाईल ते ठरवतात. हात लपवत नाहीत. मले पाहिजे होतं ते झालं. मी जिंकली असं समज.

संक्रांतीले यांचा पाय पाहायले मुकुटबनचे पाहुणे आले. त्यांनी विचारलं, जखम कशानं भरली? मी पोळी लाटता लाटता थांबली. म्हटलं आता निघते फवारणीचा पंप. हे म्हणाले, "दवाखान्याचं एक मशीन होतं."

पाहुणे गेल्यावर मीच म्हटलं, अहो, कपिलचं होतं ना. तर म्हणाले, "राहू दे."

इतकी वर्षं मी तुझ्यावर खार खाल्ली, कारण या माणसाच्या तोंडात दुसरं नावच नव्हतं. आता ते नाव नाही तर घर कसं लागून राह्यलं ते मले कोणाले सांगता येत नाही. तुले सांगून राह्यली, यापेक्षा वाईट वेळ कोणती असन.

मी तुले माफ केलं नाही. करणार नाही. तुझ्यामुळं पाय गेला, अन् तुझ्यामुळं गुडघा राह्यला, याची मी वजाबाकी करत नाही. पण त्यांचा भाऊ तू एकच आहे.

रोज संध्याकाळी फोन कर. माझ्या फोनवर नाही, त्यांच्या. ते उचलणार नाहीत. नाव पाहतील अन् उलटा ठेवून देतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा कर. मीटिंग असली तरी कर.

विजयमाला